वाचकांचे प्रश्न : पणजोबांच्या फाउंड्रीचा माग कसा काढायचा?

गेल्या काही महिन्यांत घरच्या जुन्या कारखान्याचा इतिहास शोधणाऱ्यांची पत्रं वाढलीत, त्यातली लोखंडाच्या ओतकामाची तीन या वेळी एकत्र घेतोय. पहिल्याचं उत्तर लांबलंय कारण त्यात बाकीच्यांच्याही कामाचं बरंच आहे.

प्रश्न : नमस्कार. माझ्या आईच्या आजोबांची मिरज-कोल्हापूर रेल्वेलाइनवरच्या एका गावात बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, फाउंड्री होती, घरात सगळे नुसतं "भट्टी" म्हणायचे. उसाचे चरक, लोखंडी नांगराचे भाग, मोटेची चाकं आणि नंतर ऑइल इंजिनाचे पार्ट ओतायचे असं ऐकलंय. १९५५-६० च्या सुमारास ती बंद पडली, जागा विकली, भावाभावांत वाटण्या झाल्या आणि कागद कुणाकडे गेले ते आता कुणालाच सांगता येत नाही. माझ्याकडे तीनच गोष्टी उरल्यात. एक कोरं लेटरहेड, ज्यावर "स्थापना १८३२" असं छापलंय, मोडीत लिहिलेल्या दोन चोपड्या आणि मामाच्या शेतात पडलेला एक चरक, त्याच्यावर उठावाची अक्षरं आहेत पण गंजामुळे वाचता येत नाहीत. आजी सांगायची की पहिल्या महायुद्धात शाहू महाराजांनी आमच्या भट्टीला वितळवायला जुन्या तोफा दिल्या होत्या. हे खरं असेल का? आणि १८३२ म्हणजे आमची भट्टी देशातल्या पहिल्या काही भट्ट्यांपैकी एक म्हणायची का? नेटवर पणजोबांचं नाव टाकून पाहिलं, काहीच येत नाही.
— एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, तुमच्याकडे तीनच गोष्टी आहेत असं तुम्ही म्हणता, पण बहुतेकांकडे यातली एकही नसते. नावाने शोधणं आता थांबवा. घरगुती फाउंड्री चालवणाऱ्या माणसाने स्वतःबद्दल काही लिहून ठेवायचं त्याला कारणच नव्हतं. लिहिलं ते इतरांनी, म्हणजे ज्याने जागा दिली, ज्याने कोळसा उधार दिला, ज्याने चरक विकत घेतला, ज्या दरबाराकडे अर्ज गेला, ज्या छापखान्याने लेटरहेड छापलं त्या सगळ्यांनी. भट्टीचा इतिहास भट्टीशी ज्यांचं काम पडलं त्यांच्या दप्तरांत असतो, आणि तिथे जायचं तर आधी गाव, काळ आणि माल या तीन गोष्टी पक्क्या करायला लागतात.

सगळ्यात आधी १८३२ चं बघू, कारण तिथे चुकलं तर पुढचं सगळं शोधकाम चुकीच्या शतकात जाईल. हा आकडा इसवी सन नसून शालिवाहन शक असणार असं माझं ठाम मत आहे. शकात ७८ मिळवले की १९१० येतं, म्हणजे १९१० चा गुढीपाडवा ते १९११ चा गुढीपाडवा. त्या काळात मराठी दुकानदार, छापखाने आणि देवळाचा पार बांधणारेसुद्धा बिनदिक्कत शक वापरायचे आणि "शके" हा शब्द कधी लिहायचे, कधी गाळायचे. आता दुसऱ्या बाजूने तपासा. इसवी सन १८३२ मध्ये तुमच्या गावात कपोला (बीड वितळवायची उभी भट्टी) पेटवायचा म्हणजे दगडी कोळशाचा कोक आणि कच्चं बीड आणायचं कुठून आणि कशावरून? मद्रासकडे पोर्टो नोव्होला जे. एम. हीथने १८३० मध्ये लोखंडाचा कारखाना काढला तेव्हा सरकारचा पाठिंबा असूनही त्याची दमछाक झाली. कोल्हापूरला रेल्वे आली १८९१ मध्ये, मिरजेहून. त्याआधी गाड्यांवर लादून टनावारी बीड आणि कोक घाट चढवून आणणं चरक विकणाऱ्याला परवडणारं नव्हतं. लोहाराचा भाता, लाकडी कोळसा आणि घडीव लोखंडाचं काम मात्र आपल्याकडे शतकानुशतकं चालू होतं, तेव्हा घराण्याचा लोहारकामाचा धंदा जुना असेल, त्याबद्दल मी काहीच नाकारत नाही, पण ओतकामाची भट्टी १९१० च्या आसपासचीच वाटते.

आणि १९१० हे साल अजिबात लहान नाही बरं का. त्याच वर्षी लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगाव सोडून औंध संस्थानात, कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवायला घेतली. टाटांच्या साकचीच्या, म्हणजे आताच्या जमशेदपूरच्या, भट्टीतून पहिलं बीड बाहेर पडलं १९११ मध्ये. त्याआधी आपल्याकडच्या ओतकाम करणाऱ्यांना विलायती किंवा बंगालकडचं बीड घ्यायला लागायचं, नाहीतर भंगार. म्हणजे तुमचे पणजोबा नेमके त्या पिढीतले, ज्यांनी रेल्वेस्टेशन बघून भट्टी टाकली. मला विचाराल तर "सगळ्यात पहिली" या बिरुदापेक्षा हे जास्त अभिमानाचं आहे.

आता लेटरहेड. कोरं आहे म्हणून बाजूला टाकू नका, त्यावरची प्रत्येक ओळ काळ सांगते. रेल्वेचं नाव असेल तर "एम. अँड एस. एम. रेल्वे" (मद्रास अँड सदर्न मराठा) हे नाव १९०८ पासून चालू झालं आणि १९५१ मध्ये ती लाइन सदर्न रेल्वेत गेली. पत्त्यात "कोल्हापूर स्टेट" किंवा "करवीर इलाखा" असेल तर कागद १ मार्च १९४९ च्या आधीचा, कारण त्या दिवशी संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं, आणि "जिल्हा कोल्हापूर" असेल तर बहुतेक नंतरचा. तुमच्या सांगलीकडच्या शाखेचा वगैरे पत्ता असेल आणि तिथे "दक्षिण सातारा" लिहिलं असेल तर १९४९ ते १९६० यांच्या मधला, कारण जिल्ह्याला सांगली हे नाव १९६० मध्ये मिळालं. रकान्यात रुपये-आणे-पै छापले असतील तर तो १९५७ च्या दशमान नाण्यांआधी छापलेला. शेवटी कागदाच्या अगदी तळाशी भिंग लावून बघा, छापखान्याचं नाव बारीक टाइपात असतं आणि काही छापखाने प्रतींची संख्या आणि महिना-सालही टाकायचे. एवढ्यावरून लेटरहेड दहा-पंधरा वर्षांच्या पट्ट्यात बसतं.

चरकावरची अक्षरं वाचायची तर कृपा करून तारेचा ब्रश, ग्राइंडर, अॅसिड यातलं काही लावू नका. बिडावरची अक्षरं उठावाची असली तरी शंभर वर्षांच्या गंजाने ती आधीच झिजलेली असतात आणि घासलं की आहे तेही जातं. मऊ ब्रशने माती झाडा, कोरडं होऊ द्या, मग संध्याकाळी अंधार पडल्यावर टॉर्च पृष्ठभागाला जवळजवळ चिकटवून बाजूने धरा आणि टॉर्च हळूहळू फिरवत फोटो काढत राहा. दिवसा सपाट दिसणारं "सन्स" किंवा "वर्क्स" अशा वेळी सावलीमुळे उठून येतं. दुसरा उपाय म्हणजे पातळ कागद ठेवून त्यावर पेन्सिल आडवी घासायची. नाव बहुतेक वेळा बाजूच्या उभ्या फ्रेमवर किंवा वरच्या तुळईवर असतं. रोलर आणि दातेरी चाकं झिजली की बदलली जायची आणि ती दुसऱ्याच भट्टीची असू शकतात, त्यामुळे प्रत्येक भागावरची खूण वेगळी लिहून ठेवा. सुटा आकडा दिसला तर लगेच साल समजू नका, तो पॅटर्नचा (ज्यावरून मातीत साचा पाडतात त्या नमुन्याचा) नंबर किंवा चरकाचा साइज नंबर असण्याचीच शक्यता जास्त. हेही मनाची तयारी ठेवून करा की नाव दुसऱ्याच कुणाचं निघेल. त्या काळात लोखंडी चरक लांबूनही यायचे, हिमाचलातल्या सिरमूर संस्थानच्या नाहन फाउंड्रीचे चरक उत्तरेत तर घरोघरी माहीत होते. तसं निघालं तरी वाया जात नाही, कारण स्थानिक भट्ट्या बाहेरचा चरक समोर ठेवून त्यावरूनच स्वतःचा पॅटर्न बनवायच्या.

चोपड्यांमध्ये तुमचं खरं धन आहे. आधी सगळ्या पानांचे फोटो काढा, कोऱ्या पानांचेही, मग वाचणाऱ्याच्या हातात द्या. लॅमिनेशन नको, सेलोटेप तर अजिबात नको. मोडी आपल्याकडे १९५० च्या आसपासपर्यंत हिशेबात सर्रास चालायची आणि वाचणारे आजही भेटतात, पुराभिलेख विभाग स्वतः मोडीचे वर्ग घेतो, तिथे शिकलेली बरीच मंडळी खासगी कागद वाचून देतात. वाचणाऱ्याला "सगळं लिप्यंतर करून द्या" असं सांगू नका, खर्च आणि वेळ दोन्ही हाताबाहेर जातात. त्याला आधी साल शोधायला सांगा. पहिल्या पानावर "श्री" च्या खाली शके किंवा फसली असेल, फसलीत ५९० मिळवा, आणि गुजराती पेढीशी व्यवहार असेल तर विक्रम संवतही सापडेल, त्यातून ५७ वजा करायचे. मग कीर्द (रोजच्या नोंदींची वही) आहे की खतावणी ते ठरवा. खतावणी असेल तर तुमचं नशीब जोरावर आहे, कारण तिथे प्रत्येक माणसाचं खातं वेगळं असतं. कोळसा आणि बीड कुणाकडून येत होतं, मोल्डर (मातीचे साचे करणारे) आणि हमालांची हजेरी कुणाच्या नावाने पडत होती आणि चरक कुठल्या कुठल्या गावात उधारीवर गेले होते, हे सगळं त्यात निघतं. त्या गावांची नावं नकाशावर मांडलीत की भट्टीचा पसारा तुमच्या डोळ्यासमोर येईल. आणि त्या गावांपैकी कुठेतरी अजून एखादा चरक गोठ्यामागे पडलेला असेलच, तो बघायला जा.

यानंतर सरकारी कागद. तुमचं गाव संस्थानात होतं हे सतत लक्षात ठेवा, कारण इथेच बरेच जण मुंबईला खेपा मारून थकतात. ब्रिटिश हिंदुस्थानचा फॅक्टरी अॅक्ट संस्थानांना आपोआप लागू नव्हता, त्यामुळे मुंबई सरकारच्या कारखाने-निरीक्षकाच्या अहवालात तुमची भट्टी शोधण्यात अर्थ नाही. तुमचं पहिलं ठिकाण कोल्हापूरचं पुराभिलेखागार. तिथे संस्थानी दप्तर आहे, त्यात जागेची मागणी, जकात माफीचे अर्ज, कर्ज, पाणी, दरबारी खात्यांना पुरवलेला माल असे विषय शोधा. आडनावाने शोधाल तर फसाल, त्या काळात कागदात माणूस "अमुक मिस्त्री" एवढाच यायचा, आडनाव नंतरच्या पिढीने लावलेलं असतं. करवीर सरकारचं गॅझेट बघा. शहरातल्या करवीर नगर वाचन मंदिरात, ते १८५० पासूनचं आहे, जुनी स्थानिक वर्तमानपत्रं आणि मासिकं चाळायला मिळतात का ते विचारा, जाहिरातींची पानं आधी. किर्लोस्करांनी १९२० मध्ये "किर्लोस्कर खबर" सुरू केलं तेव्हापासून यंत्रांच्या जाहिराती मराठीत कशा यायच्या हेही त्यावरून समजतं. १९३० च्या दशकापर्यंत कोल्हापूरचे संबंध मुंबई सरकारच्या राजकीय खात्यामार्फत चालायचे, म्हणून मुंबईचं दप्तरही महत्त्वाचं आहे, पण ते दुसऱ्या टप्प्यात.

एक छापील साधन मात्र संस्थानांसाठीही चालतं. हिंदुस्थान सरकार देशभरातल्या मोठ्या औद्योगिक आस्थापनांची यादी ठरावीक वर्षांनी छापायचं, त्यात प्रांत आणि संस्थानवार कारखान्याचं नाव, गाव आणि रोज सरासरी किती माणसं कामावर होती हे असायचं. पुण्याच्या गोखले संस्थेच्या ग्रंथालयात असे जुने अहवाल आहेत आणि त्यांनी बरेच स्कॅनही केलेत. तुमची भट्टी लहान असेल तर यादीत नसेल, पण शेजारच्या गावांत कोण होतं ते कळेल आणि मग "आमचे मिस्त्री आधी तिथे शिकले" अशी एखादी घरात ऐकलेली गोष्ट जागेवर बसेल.

जमिनीचे कागद कंटाळवाणे असतात, तरी माझा सगळ्यात जास्त विश्वास त्यांच्यावरच. भट्टीच्या जागेचा आजचा सर्व्हे नंबर किंवा सिटी सर्व्हे नंबर काढा, मालमत्ता पत्रकावरून आणि फेरफारांवरून मागे मागे जा. दुय्यम निबंधकाकडे सूची २ चा (नोंदलेल्या दस्तांच्या यादीचा) शोध घ्या, खरेदीखत तर मिळेलच पण त्याहून गहाणखत मिळालं तर सोन्याहून पिवळं, कारण गहाणखतात काय काय गहाण ठेवलं त्याची यादी असते, इंजिन, ब्लोअर, लेथ, पॅटर्नसुद्धा. आणि ताई, त्यात घरातल्या बायकांची नावं मुद्दाम बघा. भट्टी पुरुषांच्या नावाने ओळखली गेली तरी अडीअडचणीला घर किंवा दागिने ज्यांच्या नावावरचे गेले त्या बऱ्याचदा पणजी, आत्या, विधवा काकू असतात, आणि घरच्या गोष्टींत त्यांचा उल्लेखच नसतो.

राहिली तोफांची गोष्ट. पहिल्या महायुद्धात लोखंडाची आयात आटली, भाव चढले आणि किर्लोस्करवाडीचे नांगर अडले तेव्हा शाहू महाराजांनी दरबारच्या जुन्या तोफा किर्लोस्करांना दिल्या, हे सर्वश्रुत आहे. ती गोष्ट त्या पट्ट्यातल्या ओतकाम करणाऱ्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली आणि सांगता सांगता काही घरांत ती आपलीच झाली असेल. तुमच्या आजी खोटं बोलत होत्या असं मी मुळीच म्हणत नाही. पणजोबा किर्लोस्करांकडे कामाला असतील, किंवा त्यांनाही थोडा वाटा मिळाला असेल, दोन्ही शक्य आहे. पण तोफ म्हणजे दरबारची मालमत्ता आणि वर शस्त्र, ती दिली तर वजन, दर आणि हुकूम कुठेतरी लिहिला जाणारच, म्हणून ते हुजूर दप्तरात १९१४ ते १९१९ च्या पट्ट्यात शोधा. एक तांत्रिक कसोटीही सांगतो. बिडाची ओतीव तोफ फोडून तुकडे केले तर कपोल्यात वितळते, बीड साधारण साडेअकराशे-बाराशे अंश सेल्सिअसला पातळ होतं. पट्ट्या आणि कडी जोडून घडवलेली जुनी देशी तोफ घडीव लोखंडाची, तिला वितळायला पंधराशेच्या वर तापमान लागतं आणि लहान कपोल्यात ती चांगली वितळतच नाही. पितळी-पंचरसी तोफ तर या कामाची नाहीच. तेव्हा घरात कुणी "ती तोफ कशी होती, कशी फोडली" हे सांगू शकलं, घणाने फोडली की खाली आग लावून वरून वजन टाकून फोडली असं काही, तर त्या आठवणीला वजन येतं. अशा तपशिलाची गोष्ट ऐकीव नसते, बघितलेली असते. मामांना विचारा, आणि विचारताना मोबाइलवर रेकॉर्डिंग चालू ठेवा.

प्रश्न : माझे आजोबा भायखळ्याला एका मोठ्या इंग्रजी कंपनीच्या फाउंड्रीत मोल्डर होते. १९२० च्या दशकात त्यांनी नोकरी सोडून माझगावकडे स्वतःची छोटी भट्टी टाकली, गटाराची झाकणं, जाळ्या, जिन्याचे कठडे ओतायचे. आमच्या चाळीच्या गॅलरीचे खांब त्यांनीच ओतलेत असं वडील सांगायचे. एका परिचितांचं म्हणणं आहे की इंग्रजांच्या काळातलं सगळं लंडनला ब्रिटिश लायब्ररीत आहे, तिथे गेल्याशिवाय काही मिळणार नाही. एवढा खर्च करावा का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : दादा, आत्ता तरी अजिबात नको. लंडनला इंडिया ऑफिसची कागदपत्रं आहेत हे बरोबर, पण तिथे वरिष्ठ पातळीवरचा पत्रव्यवहार आणि छापील अहवाल जास्त, माझगावच्या एका भट्टीचा कागद तिथे पोचायला काही मोठी भानगड व्हायला लागली असती. जे छापील अहवाल तिथे आहेत त्यातले बरेच मुंबई-पुण्यात आहेत, काही इंटरनेट अर्काइव्हवर आहेत, आणि दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं अभिलेख पटल हे पोर्टल घरबसल्या फुकट चाळता येतं.

तुमचा शोध सगळा मुंबईतच आहे. काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याचं पुराभिलेखागार आहे, तिथून सुरुवात करा. तुमच्या बाबतीत फॅक्टरी अॅक्ट उपयोगी पडतो, फक्त कुठल्या साली किती कामगारांना तो लागायचा ते डोक्यात ठेवा. १८८१ च्या कायद्यात शंभर माणसांच्या वरचेच कारखाने येत होते, १८९१ ला ती मर्यादा पन्नास झाली, १९२२ ला यंत्रशक्ती वापरणारे वीस माणसांचे कारखानेही आत आले. आजोबांकडे वीस माणसं नसतील तर १९४८ च्या कायद्यापर्यंत, जिथे मर्यादा दहावर आली, ते यादीत दिसणारच नाहीत, आणि न दिसण्याचा अर्थ भट्टी नव्हती असा होत नाही.

माझगाव, रे रोड, दारूखाना हा पट्टा बघता जागा पोर्ट ट्रस्टची असण्याची चांगलीच शक्यता आहे. पोर्ट ट्रस्ट १८७३ चा, आणि त्यांचे भाडेपट्टे प्लॉट नंबरानुसार असतात, म्हणून घरात जुनी भाडेपावती, लाइटबिल, काहीही सापडलं तर त्यावरचा प्लॉट नंबर लिहून घ्या. झाकणं आणि जाळ्या म्हणजे गिऱ्हाईक महापालिका किंवा तिचे कंत्राटदार. म्युनिसिपल कमिशनरचे वार्षिक प्रशासन अहवाल छापले जायचे, त्यात खात्यांचा खर्च सापडतो, छोट्या पुरवठादाराचं नाव क्वचित. टाइम्स ऑफ इंडियाच्या जुन्या डिरेक्टऱ्या आणि थॅकरची डिरेक्टरी मात्र जरूर बघा, त्यात धंद्यांच्या याद्या असतात आणि गल्लीचा पत्ता मिळतो. धंदा बुडाला होता असं घरात कुणी दबक्या आवाजात बोलत असेल तर त्याची लाज बाळगू नका, मुंबईत १९०९ च्या नादारीच्या कायद्याखाली हायकोर्टात गेलेल्या प्रकरणात मालमत्ता आणि देणेकऱ्यांची पूर्ण यादी द्यायला लागायची, एवढा नीट हिशेब चालू धंद्याचाही कुठे मिळत नाही.

चाळीच्या खांबांबद्दल मात्र जपून. मुंबईतलं बरंच सुबक ओतकाम जहाजाने आलेलं आहे. ग्लासगोच्या वॉल्टर मॅकफार्लेनच्या सॅरासेन फाउंड्रीचे कॅटलॉग जगभर जायचे, गिऱ्हाइकाने नंबर सांगायचा आणि खांब, कठडे, कारंजी पेट्यांत भरून यायची. पुराभिलेखागारातून बाहेर पडलात की जवळच वॉटसन हॉटेलची इमारत आहे, तिचा अख्खा लोखंडी सांगाडा १८६० च्या दशकात विलायतेत बनवून इथे उभा केला. दुसरीकडे भायखळ्यातच रिचर्डसन अँड क्रुडास १८५८ पासून काम करत होती, तिथे आणि तिच्यासारख्या कारखान्यांत आपली माणसं शिकली आणि इथल्या मातीत विलायती नमुने उतरवायला लागली. खांबाच्या तळाशी, बुंध्याच्या चौकोनी बैठकीवर सगळ्या बाजूंनी बघा. ग्लासगोचं नाव असेल तर प्रश्नच मिटला. काहीच नाव नसेल आणि एकाच चाळीतल्या दोन खांबांच्या नक्षीत थोडा थोडा फरक, पानाची टोकं बुजलेली, जोडाची रेघ नीट न घासलेली असं असेल तर स्थानिक ओतकामाचा संशय घ्यायला जागा आहे, कारण तयार खांबालाच पॅटर्न म्हणून मातीत दाबून नक्कल काढली की नक्षी बोथट होते आणि बीड थंड होताना आकसल्यामुळे नक्कल मूळ खांबापेक्षा किंचित बुटकी येते. दोन खांबांची उंची आणि घेर मोजून ठेवा. तुमच्या वडिलांचं म्हणणं खरं ठरावं असं मला मनापासून वाटतं, पण ते मोजमापाने ठरू दे.

प्रश्न : काकांच्या वाड्याच्या माळ्यावर आमच्या जुन्या फाउंड्रीचे लाकडी पॅटर्न सापडले, पोतंभर तरी असतील. काहींना वाळवी लागलीय. एक जण सजावटीसाठी सगळे एकगठ्ठा विकत मागतोय. देऊन टाकावेत का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : देऊ नका, निदान नोंद होईपर्यंत तरी. वाळवी लागलेले आधी वेगळे करा, बाकीच्यांपासून लांब कोरड्या जागी ठेवा, पाण्याने धुऊ नका आणि पॉलिश तर मुळीच मारू नका. प्रत्येकाचा चारही बाजूंनी फोटो काढा, शेजारी मोजपट्टी ठेवून.

पॅटर्नवर वाचण्यासारखं खूप असतं. कारखान्याचं नाव धातूच्या सुट्या अक्षरांनी लाकडावर बारीक खिळ्यांनी ठोकलेलं असायचं. मालक बदलला, भागीदार फुटला की जुनी अक्षरं काढून त्याच पॅटर्नवर नवी बसवायचे, पण खिळ्यांची भोकं आणि अक्षराखाली न रंगलेल्या लाकडाचा ठसा तसाच राहतो. टॉर्च आडवा धरलात तर नव्या नावाच्या खाली जुनं नाव मिळू शकतं, आणि भागीदारीचा कुठला कागद नसला तरी भागीदार होता याचा पुरावा तिथे मिळतो. १९३२ च्या कायद्यानंतर काही भागीदाऱ्या निबंधकाकडे नोंदल्या गेल्या, तिथे मग त्या नावाने शोधता येईल.

त्याच माळ्यावर एखादी विचित्र फूटपट्टी मिळते का बघा, जिची एक फूट खऱ्या फुटापेक्षा साधारण एक अष्टमांश इंच जास्त भरते. ती खराब पट्टी समजून फेकू नका. बीड गोठताना शेकडा एकच्या आसपास आकसतं, म्हणून पॅटर्न करणारा सुतार तेवढी वाढ आधीच धरलेली पट्टी वापरायचा, आणि ती त्याच्या हाताखालची सगळ्यात जपलेली वस्तू असायची. तिच्यावर बनवणाऱ्याचं किंवा वापरणाऱ्याचं नाव कोरलेलं असू शकतं.

प्रत्येक पॅटर्नवर रंगाने किंवा ठोकून नंबर असेल, तो फोटोच्या नावातच लिहा. ज्यांचे दोन अर्धे आहेत ते सुटे करू नका, सुतळीने बांधून ठेवा, एक अर्धा हरवला की दुसऱ्याचा अर्थ लागत नाही. पोकळ भागासाठी कोअर (साच्यात बसवायचा मातीचा गाभा) पाडायच्या लाकडी पेट्याही त्यातच असतील, त्या साध्या खोक्यासारख्या दिसतात आणि सगळ्यात आधी जळणात जातात, त्या मुद्दाम शोधून काढा. मग एखाद्या जुन्या मोल्डरला किंवा पॅटर्नमेकरला घरी बोलवा, साताऱ्यात आणि सातारा रोडला, जिथे १९२२ पासून कूपरांचा कारखाना उभा राहिला, ओतकामात आयुष्य घालवलेली माणसं आहेत. त्याच्यासमोर एकेक पॅटर्न ठेवा आणि हा कशाचा भाग, कुठल्या यंत्राचा, एवढंच विचारा. नंबर, भाग आणि सांगणाऱ्याचं नाव एका वहीत उतरवलंत की त्यातले चांगले दहा-बारा जवळच्या इंजिनिअरिंग कॉलेजला किंवा स्थानिक संग्रहालयाला वहीच्या प्रतीसकट द्यायचे की घरी ठेवायचे ते काकांना ठरवू द्या.